एजंटला पंधरा हजार द्यायचे की सबसिडीचा नाद सोडायचा?

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं त्यांच्याच शब्दांत देते.

"मी घरूनच कांदा-लसूण चटणी आणि मसाला करून विकते. बचत गटातल्या तिघीजणी मदतीला येतात. आता कांडप मशीन, भाजायचं यंत्र आणि पॅकिंग मशीन घ्यायचंय, घरामागं शेड आहे. सगळा खर्च नऊ लाखांच्या घरात जातोय. सबसिडीसाठी जिल्हा उद्योग केंद्रात गेले तर म्हणाले ऑनलाइन भरा आणि बँकेशी बोला. बँकेत गेले तर म्हणाले आधी उद्योग केंद्राकडून फाईल येऊ दे. दोन्हीकडं खेटे घालून दमले. आता एकजण भेटलाय, म्हणतो पंधरा हजार आत्ता द्या आणि सबसिडी आली की दहा टक्के, फाईल मी पास करून देतो, साहेब माझ्या ओळखीचे आहेत. प्रोजेक्ट रिपोर्टपण त्यानंच करून दिलाय. घरचे म्हणतात नाद सोड, एकदा सरकारदरबारी नाव लागलं की टॅक्सवाले मागं लागतील. काय करू?"

ताई, आधी सरळ उत्तर देते मग बाकीचं बोलू. एजंटला एक रुपयाही देऊ नका आणि सबसिडीचा नादही सोडू नका. पण अर्ज कुठल्या योजनेत करायचा, कुणासमोर काय मांडायचं याचा क्रम तुमच्या बाबतीत थोडा उलटा झालाय, तो सुलटा करायला पाहिजे.

तुम्हाला दोन्हीकडून टोलवलं असं वाटलं ना, ते वाटणं चुकीचं नाही, पण यात कोण काय ठरवतं हे तुम्हाला कुणी नीट बसवून सांगितलंच नाही. जिल्हा उद्योग केंद्र कर्ज देत नाही. अर्ज तपासायचा, योजनेत बसतो का बघायचं, शिफारस करून बँकेकडं पाठवायचा, बँकेनं मंजूर केल्यावर सबसिडीचं बघायचं, हे त्यांचं काम. कर्ज द्यायचं की नाही हे फक्त बँक ठरवते, कारण पैसे बँकेचे असतात. त्यामुळं "फाईल पास करून देतो" म्हणणारा माणूस उद्योग केंद्रात ओळख असल्याचं सांगत असेल तरी जिथं खरा निर्णय होतो तिथं त्याच्या ओळखीला काडीची किंमत नाही. बँकेनं नाही म्हटलं की हा म्हणणार मी माझं काम केलं होतं, आणि तुमचे पंधरा हजार गेले ते गेले.

मला या ऑफिसबद्दल खरंच आस्था आहे म्हणून जरा मागचं सांगते. १९७७ च्या डिसेंबरात केंद्रात जनता सरकार असताना नवं उद्योग धोरण आलं, जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. लहान उद्योगाला लागणारं सगळं साह्य जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच छताखाली मिळावं, त्याला राजधानीच्या वाऱ्या करायला लागू नयेत असा त्यातला विचार होता, आणि त्यातूनच १ मे १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रं सुरू झाली. म्हणजे तुमच्यासारखीलाच डोळ्यापुढं ठेवून हे ऑफिस काढलंय, तुम्ही तिथं उपकार मागायला जात नाही. आपल्याकडं हे उद्योग संचालनालयाच्या हाताखाली येतं, केंद्राचा प्रमुख महाव्यवस्थापक असतो आणि त्याच्या खाली व्यवस्थापक आणि उद्योग निरीक्षक. तुमच्या तालुक्याचं काम कुठल्या उद्योग निरीक्षकाकडं आहे हे आधी विचारून घ्या, कारण काउंटरवरच्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "ऑनलाइन भरा" हेच येतं आणि निरीक्षकाला विचारलं तर तो शेड कुणाच्या नावावर, लाईट कुठली, माल कुठं विकता असं विचारायला लागतो, आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं.

आता योजनेचं. तुमच्या पत्रात एक ओळ आहे की एजंट म्हणाला "जुना धंदा आहे हे कुठं सांगू नका". हे तो का म्हणाला माहितीये का? पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम म्हणजे ज्याला सगळे पीएमईजीपी म्हणतात तो, आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे सीएमईजीपी, हे दोन्ही नवीन उद्योग उभा करणाऱ्यांसाठी आहेत. ग्रामीण भागातल्या महिलेला त्यात ३५ टक्के सबसिडी बसते आणि स्वतःचे ५ टक्के घालायला लागतात, म्हणून एजंट लोकांना हीच योजना सांगतात. पण तुमचा धंदा चालू आहे, गावाला माहीत आहे, दुकानदारांना माहीत आहे. तो लपवून अर्जावर खोटं प्रतिज्ञापत्र तुम्ही देणार, एजंट नाही. उद्या चौकशी झाली तर सही तुमची असणार, पैसे परत करायची वेळ येईल ती तुमच्यावर येईल. हे करू नका.

आणि गरजच नाही हो त्याची! चालू असलेल्या लहान अन्नप्रक्रिया धंद्यासाठी वेगळी योजना आहे, २०२० साली केंद्रानं काढलेली, नाव लांबलचक आहे, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना, पीएमएफएमई म्हणतात. चालू युनिट वाढवायला, मशिनरी घ्यायला, धंदा नोंदणीत आणायलाच ती काढलीय. त्यातपण ३५ टक्केच सबसिडी आहे, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, फक्त स्वतःचा हिस्सा १० टक्के घालायला लागतो. म्हणजे तुमच्या नऊ लाखांवर सबसिडी दोन्हीकडं ३ लाख १५ हजारच, फरक एवढाच की एकीकडं तुमचे ४५ हजार घालायचे आणि दुसरीकडं ९० हजार. वरचे ४५ हजार जास्त आहेत हे खरं, पण एजंटचे पंधरा हजार आणि वर दहा टक्के म्हणजे साडेएकतीस हजार धरा, ते साडेसेहेचाळीस हजार होतात! तेच पैसे स्वतःच्या मशीनमध्ये घातलेले काय वाईट? आणि मान वर करून, खरं सांगून घेतलेलं कर्ज असेल ते.

ही योजना आपल्या राज्यात कृषी विभाग राबवतो, म्हणून उद्योग केंद्रात तुम्हाला कुणी तिचं नाव घेतलं नसेल. सांगायला पाहिजे होतं, माझं स्पष्ट मत आहे. समोर बाई चटणीचा धंदा करते म्हणून सांगतेय आणि शेजारच्या खात्यात तिच्याच मापाची योजना आहे हे न सांगता तिला परत पाठवणं हे काही साह्य नव्हे. तर तालुका कृषी अधिकाऱ्याच्या ऑफिसात जा आणि विचारा की जिल्ह्याचे संसाधन व्यक्ती कोण आहेत. हे लोक अर्ज भरायला, प्रोजेक्ट रिपोर्ट करायला, बँकेकडं पाठपुरावा करायला नेमलेले असतात आणि त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही द्यायचं नसतं. जे काम एजंट पंधरा हजारात करतो म्हणतोय ते फुकट करून द्यायला माणूस नेमलाय हो. जाल तेव्हा पहिलंच हे विचारून घ्या की या वर्षी नवीन अर्ज चालू आहेत का आणि टक्केवारीत काही बदल झालाय का, योजनांच्या मुदती वाढत-बदलत असतात आणि जुन्या माहितीवर पळापळ नको. गटातल्या बाईला खेळत्या भांडवलासाठी बीजभांडवल म्हणून माणशी ४० हजारांपर्यंत द्यायचीही तरतूद याच योजनेत आहे, ते गटामार्फत येतं, तुमच्या तिघी मैत्रिणींसाठी तेही विचारा.

सबसिडीबद्दल अजून एक, हे खूप जणांना कर्ज उचलल्यावर कळतं आणि मग वाईट वाटतं. सबसिडी हातात मिळत नाही. बँक आधी पूर्ण कर्ज मंजूर करते, सबसिडीची रक्कम बँकेतच तीन वर्षं बाजूला ठेवलेली असते, आणि तुमचे हप्ते नीट चालू असले, धंदा चालू असला तर तीन वर्षांनी ती कर्जात वळती होते. मध्ये खातं थकलं तर उरलेलं कर्ज तुमच्या मागं राहतंच. म्हणून सबसिडी धरून हिशोब करू नका, नऊ लाखांच्या धंद्यात सबसिडी नसती तरी हप्ता निघाला असता का हे बघा. निघत नसेल तर मशीन लहान घ्या.

आता त्या प्रोजेक्ट रिपोर्टकडं येते, तुम्ही फोटो पाठवलेत ते मी पानन् पान वाचलं. ताई, हा रिपोर्ट तुमचा नाहीच. वर्षाला ३०० दिवस एकसारखं उत्पादन, बारा महिने एकाच भावानं मिरची, आणि पहिल्याच वर्षी क्षमतेच्या ७० टक्के विक्री असं त्यात लिहिलंय. चटणीच्या धंद्यात असं कुठं असतं का? मिरची येते साधारण फेब्रुवारीपासून, उन्हाळ्यात बायका वर्षाची बेगमी करतात तेव्हा कांडपावर रांगा लागतात, पावसाळ्यात हवेला ओल धरते आणि मिरची मऊ पडते. वर्षभराची मिरची तुम्हाला सीझनमध्येच घेऊन ठेवायला लागणार, म्हणजे सगळ्यात जास्त पैसा अडकणार तो मशीनमध्ये नाही, मिरचीत! आणि तुमच्या रिपोर्टात खेळत्या भांडवलाला एक ओळ दिलीय, बस्स. मशीन आलं आणि मिरची घ्यायला पैसा नाही म्हणून बंद पडलेली शेडं आपल्याकडं कमी नाहीत.

तर हा रिपोर्ट बाजूला ठेवा आणि एक वही घ्या. एक किलो मिरची आणली, ब्याडगी किती आणि तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी किती, देठ काढल्यावर वजन किती राहिलं, वाळवल्यावर किती, भाजताना तेल किती गेलं, कांडून चाळल्यावर हातात किती आलं. त्यात कांदा, लसूण, खोबरं, तीळ, मीठ. मग पाकीट, लेबल, तिघींची मजुरी, लाईट, दुकानदाराचं कमिशन, परत आलेली पाकिटं. हे तुम्ही रोज करताय, फक्त लिहिलेलं नाही. बँक मॅनेजरनं "एका किलोमागं तुम्हाला सुटतं किती" असं विचारलं आणि तुम्ही वही न उघडता उत्तर दिलंत ना, तर ती एक ओळ त्या तीस पानी रिपोर्टापेक्षा जास्त कामाची आहे, कारण मॅनेजरला बघायचं असतं की या बाईला आपला धंदा कळतो का. ज्या दुकानांना माल देता त्यांची नावं, महिन्याचा माल, पैसे किती दिवसांनी येतात हेपण लिहा, आणि इथून पुढं पैसे होतील तितके बँकेत किंवा फोनवरून खात्यात घ्या म्हणजे स्टेटमेंटमध्ये धंदा दिसतो. मशीनचे कोटेशन दोन-तीन ठिकाणांहून स्वतः मागवा, एजंटनं आणलेलं कोटेशन बऱ्याचदा फुगवलेलं असतं आणि तो फुगवटा तुमच्या कर्जात बसतो.

तारणाचं तुम्ही विचारलंय, बँकेतला माणूस म्हणाला जमिनीचा उतारा आणा. लहान उद्योगाला निदान दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकांनी तारण घ्यायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि अशा कर्जाला क्रेडिट गॅरंटी योजनेची हमी घ्यायची सोय बँकेला असते. तुमचं कर्ज त्या आतलं आहे. भांडू नका, शांतपणे म्हणा की दहा लाखांच्या आत तारण लागत नाही असं वाचलंय, लागत असेल तर मला लेखी द्या. लेखी म्हटलं की बरंचसं बोलणं बदलतं. अर्ज नाकारला तरी कारण लेखी मागा, ते द्यायला पाहिजे त्यांनी. आणि कारण मिळालं की ते घेऊन जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या अग्रणी बँकेच्या, म्हणजे लीड बँकेच्या, व्यवस्थापकाकडं जाता येतं.

हेच उद्योग केंद्रात. तोंडी विचारू नका, साध्या कागदावर अर्ज लिहा की माझा अमुक धंदा आहे, मला कुठली योजना लागू पडते आणि कुठले परवाने लागतात याचं मार्गदर्शन मिळावं, दोन प्रती करा, एक आवक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. साहेब फिरतीवर आहेत म्हणाले तरी आवक टेबल फिरतीवर जात नाही. पुढच्या वेळी गेलात की नंबर सांगून विचारायचं. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात जाहीर केलेल्या सेवा, त्यांची मुदत आणि अपील कुणाकडं करायचं हे ऑफिसातल्या फलकावर लावावं लागतं, विनाकारण उशीर केला तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. आत गेल्यावर तो फलक आधी वाचा, तुमचं काम त्यात असलं तर तारखेवर बोट ठेवून बोलता येतं. त्यातूनही अडलं तर कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती असते, जागेची, लाईटची, परवान्याची अडलेली कामं तिथं मांडता येतात, मोठ्या कारखानदारांचीच ती आहे असं काही नाही.

आणि कुणी खुर्चीत बसलेल्यानंच पैसे मागितले तर? तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री नंबर आहे. पैसे देण्याआधी फोन करायचा, दिल्यानंतर नाही.

घरच्यांच्या टॅक्सच्या भीतीबद्दल. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, काढली म्हणून कुठलाही नवीन टॅक्स लागत नाही. इन्कम टॅक्स उत्पन्नावर लागतो, नोंदणीवर नाही, आणि जीएसटी नोंदणी राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की लागते. तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून तुम्ही त्याच्या बऱ्याच खाली आहात. ही उद्यम नोंदणी आपलं आधार कार्ड आणि पॅन घेऊन स्वतःच ऑनलाइन काढायची, पूर्ण फुकट आहे, १ जुलै २०२० पासून तसंच आहे. मात्र सर्च केलं की वर सरकारीसारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट येतात आणि हजार-दोन हजार मागतात, पैसे मागितले की ती साइट बंद करा. उद्यम असल्याचा अजून एक फायदा तुमच्या उपयोगाचा आहे. उधारीवर माल नेऊन पैसे लटकवणाऱ्या खरेदीदाराला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला लागतात, नाही दिले तर चक्रवाढ व्याज लागतं आणि त्यासाठी उद्योग विभागाच्या सुविधा परिषदेकडं तक्रार करता येते. पत्रात तुम्ही त्या मोठ्या दुकानदाराचं लिहिलंय ना, तो हा मुद्दा ऐकून नीट वागेल. पण नोंदणीच्या आधीच्या मालाला हे लावता येईलच असं नाही, म्हणून नोंदणी आत्ताच करून टाका.

गुमास्ता म्हणजे शॉप ॲक्टचं तुमच्यासारख्या चार बायकांच्या कामाला फार काही नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोच घ्यायची. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मात्र आधीच घ्या, कारण कांडपाचा आवाज आणि मिरचीचा ठसका शेजाऱ्यांना लागतो, मशीन बसल्यावर तक्रार आली तर पंचाईत होते. शेजाऱ्यांशी आधी बोला, शेडला उंच धुराडं किंवा बंद खोली करा. लाईटचं कनेक्शन घरगुती मीटरवर चालवू नका, महावितरणकडं औद्योगिक कनेक्शनचा अर्ज आणि लोड कर्जाच्या अर्जाबरोबरच सुरू करा, मशीन येऊन पडलंय आणि थ्री फेज नाही अशी वेळ येऊ देऊ नका.

एका गोष्टीवर मात्र मी जरा कडक बोलणार आहे. अन्न सुरक्षेची नोंदणी तुमच्याकडं नाही आणि तुम्ही मसाला साध्या पिशवीत सुटा दुकानांना देताय. हे आजच थांबवा. दळलेला मसाला सुटा विकायला कायद्यानं मनाई आहे, पॅक करूनच विकावा लागतो, आणि पाकिटावर १४ आकडी नोंदणी नंबर, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, बॅच नंबर, तुमचा पत्ता आणि शाकाहारीचं हिरवं चिन्ह पाहिजे. लहान धंद्याला लायसन्स नाही, नोंदणीच लागते आणि तिची फी अगदी नाममात्र आहे. वजनकाट्याला वैधमापनचा, म्हणजे वजनमाप खात्याचा, शिक्कापण मारून घ्या. अन्न प्रशासनाच्या माणसानं एखाद्या दुकानातून तुमची पिशवी उचलली तर पुढची सगळी फाईल तिथंच अडकेल, म्हणून कर्जाच्याही आधी हे काम.

तर सोमवारी पहिलं उद्यम आणि अन्न नोंदणी, मग तालुका कृषी ऑफिस. वही लिहून झाली की तिचे फोटो मला पाठवा, किलोमागचा हिशोब मी बघून देते. आणि त्या एजंटला तुमचं आधार, पॅन आणि सही केलेले कोरे फॉर्म दिले असतील तर ते आधी परत मागून घ्या, त्याच्या मोबाईल नंबरवरून कुठल्या पोर्टलवर तुमच्या नावानं अर्ज झालाय का हेही उद्योग केंद्रात विचारा, कारण अर्ज आधीच पडलेला असला तर तो मागं घेतल्याशिवाय दुसरीकडं अडचण येऊ शकते.